हजार एकाहत्तर की आणखी काही? जुन्या मिनीचं इंजिन ओळखायचं कसं

खडखडाट (धागाकर्ता)

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

एका वयस्कर स्नेह्यांकडची १९६४ची ऑस्टिन मिनी कूपर एस गेल्या महिन्यात माझ्याकडे आली. त्यांनी ती चालवली कमी आणि पुसली जास्त. किल्ली हातात देताना छातीठोकपणे म्हणाले, "ही साधी एस नाही, हजार एकाहत्तर आहे. जपा."

ज्यांना हा आकड्यांचा घोळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कूपर एस तीन इंजिनांत निघाली. आधी १९६३ साली १०७१ सीसी, मग १९६४ साली ९७० आणि १२७५. शर्यतींच्या ११००, १००० आणि १३०० सीसीच्या गटांत बसावीत म्हणून हे तीन आकडे. १२७५ पुढे १९७१पर्यंत चालली, त्यामुळे ती बऱ्यापैकी सापडते. १०७१ चार हजारांच्या आसपास बनल्या आणि ९७० तर हजारसुद्धा नाहीत. बाहेरून तिघी सारख्याच.

माझ्या गाडीत आत्तापर्यंत जे दिसलं ते असं: इंजिनाच्या पुढच्या बाजूला नंबराची पत्र्याची पट्टी आहे, नंबर ९एफने सुरू होतो. कार्ब्युरेटर दोन, एसयू कंपनीचे, सव्वा इंची. हेडवर (सिलिंडरांवरच्या ओतीव झाकणावर) अकरा ठिकाणी आवळलेलं आहे. इंजिन चालू आहे, आवाज गोड आहे, म्हणून उघडायला हात धजत नाही. न उघडता सांगता येईल का, की ही नक्की कोणती?

निवांत

विषय आवडला. सतरंजी टाकून बसलो आहे.

चक्रधर

अभिनंदन! आता जरा थंड पाणी ओततो, राग मानू नका.

१. दोन सव्वा इंची एसयू तर साध्या ९९७ आणि ९९८ कूपरलाही होते. तो पुरावा नव्हे.

२. पट्टी. त्या काळच्या बऱ्याच इंजिनांवर नंबर ब्लॉकमध्ये ठोकलेला नसून पत्र्याच्या पट्टीवर असतो आणि ती पट्टी दोन रिबिटांनी बसवलेली असते. दोन रिबिटं काढायला पाच मिनिटंही लागत नाहीत. नवीन पट्ट्या सर्रास बनवून मिळतात. तुमच्या पट्टीची रिबिटं कशी आहेत ते आधी बघा.

३. नुसतं ९एफ पुरेसं नाही, ते साध्या कूपरवरही येतं. पुढची अक्षरं महत्त्वाची. शेवटच्या आकड्यांआधी एक्स असेल तर ९७०, वाय असेल तर १२७५, आणि एच असेल तर १०७१. पण नुसत्या एचवर उड्या मारू नका. इतर मिनींवर तेच अक्षर 'हाय कॉम्प्रेशन' एवढंच सांगतं.

खडखडाट

@चक्रधर, आत्ताच बॅटरी घेऊन पाहिलं. अक्षर एच आहे. डावं रिबिट जुनं, रंगाखाली गाडलेलं. उजवं मात्र चकचकीत, मधे भोक असलेलं, पॉप रिबिटच आहे ते.

चक्रधर

अरे देवा.

पानाबहाद्दर

मला एक कळत नाही. गाडी चालते ना? आवाज गोड आहे ना? मग ९७० असो की १०७१, चालवा आणि मजा करा. लोकांना गाडीपेक्षा गाडीची जन्मपत्रिका जास्त आवडते हल्ली.

मोजपट्टी

@पानाबहाद्दर, फरक पडतो हो. गॅस्केट, पिस्टन, बेअरिंग मागवताना काय सांगणार? "गोड आवाजाच्या इंजिनाचं द्या"?

धागाकर्ते, मुद्द्याचं सांगतो. तिन्ही एसचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, एकच, ७०.६ मिमी. फरक फक्त स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टन वरून खाली जातो त्या अंतरात:

९७० : ६१.९ मिमी
१०७१ : ६८.३ मिमी
१२७५ : ८१.३ मिमी

म्हणजे पट्टी, हेड, कव्हर, बॅज सगळं विसरा आणि पिस्टन किती खाली जातो ते मोजा. पिस्टन वरखाली नेणारा दांडा, म्हणजे क्रँक, खोटं बोलत नाही.

खडखडाट

प्लगच्या भोकातून सळई घालून मोजता येईल का? हाताने इंजिन फिरवून?

मोजपट्टी

हा प्रयोग मी केलेला आहे, म्हणून सांगतो. या इंजिनात प्लग सरळ डोक्यावर नसतो, बाजूने तिरका असतो. सळई तिरकी आत जाते, पिस्टनच्या माथ्यावरून घसरते, आणि वरचं माप वजा खालचं माप केलं की स्ट्रोकपेक्षा जास्तच येतं. मी बांबूची बारीक काडी वापरली होती. पहिल्यांदा ७४ आलं, दुसऱ्यांदा ७९. तिसऱ्यांदा काडी आत मोडली.

निवांत

मग?

मोजपट्टी

मग हेड उघडलं. आणखी काय.

आजीची_गाडी

मोजपट्टीकाकांचा मुद्दा मिनीपुरता बरोबर आहे, पण "मोजा म्हणजे कळेल" हे सगळीकडे चालत नाही हं. माझ्याकडे फियाट ५०० आहे, तिचा किस्सा सांगते.

पहिल्या ५००ला ४७९ सीसीचं इंजिन होतं, ६६ बोअर आणि ७० स्ट्रोक. मग बोअर ६७.४ करून ४९९.५ सीसी. पुढे १९७२मध्ये १२६ आली, तिचं इंजिन ७३.५ बोअर, ७० स्ट्रोक, ५९४ सीसी. ते ५००मध्ये जवळपास सरळ बसतं, त्यामुळे असंख्य ५०० आज १२६च्या इंजिनावर पळतात. माझीही त्यातलीच, मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

आता गंमत बघा. आबार्थची ५९५ होती ना, याच ५००वर बनवलेली वेगवान गाडी, ती पण ७३.५ गुणिले ७०! बोअर तोच, स्ट्रोक तोच, सीसी तेच. माझ्या ओळखीतल्या एकाने मापं घेऊन "आबार्थ निघाली" म्हणून घरभर नाचून घेतलं होतं. नंतर ब्लॉकवरचा नंबर घासून साफ केला तर सुरुवातच १२६ ए! आबार्थमध्ये खालचं तेलाचं अ‍ॅल्युमिनियमचं ओतीव खोकं, त्यावर उठावात नाव, वेगळा कार्ब्युरेटर असं बघावं लागतं, आणि तो सगळा साजसुद्धा नवा विकत मिळतो. हां, ६९५ असेल तर मोजून कळेल, तिचा स्ट्रोक ७६ आहे.

चक्रधर

@आजीची_गाडी, +१. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. माप सांगतं की हे इंजिन काय *नाही*.

अशीच गोष्ट ९९८ कूपरची. तिचा बोअर ६४.६, स्ट्रोक ७६.२. रायली एल्फ आणि वूल्झली हॉर्नेटमधल्या साध्या ९९८चंही तेच माप. एल्फच्या इंजिनाला कूपरचं १२जी२९५ नंबरचं हेड आणि जोडकार्ब्युरेटर चढवले की बाहेरून कूपर तयार. खरी ओळख पिस्टनच्या माथ्यावर, कूपरचा माथा उचललेला असतो. तेही हेड काढल्याशिवाय दिसत नाही.

उलट ९९७ आणि ९९८ कूपर नावाला एका सीसीने वेगळ्या, पण आतून पूर्ण निराळ्या. ९९७चा स्ट्रोक तब्बल ८१.३ आणि बोअर जेमतेम ६२.४. लांबट, अरुंद, घुसमटलेलं इंजिन. माझं वैयक्तिक मत: ९९८ कितीतरी मोकळं पळतं.

पानाबहाद्दर

घुसमटलेलं काय म्हणता! १९६१ची ती पहिली कूपर, तिच्यावरच तर सगळा डोलारा उभा आहे.

चक्रधर

डोलारा उभा आहे, मान्य. दम लागतो, तेही मान्य करा.

दुरून_डोंगर

अवांतर: १९६४ची माँटे कार्लो रॅली पॅडी हॉपकर्कने जिंकली ती गाडी, नंबरप्लेट ३३ ईजेबी, १०७१च होती ना? का १२७५?

चक्रधर

१०७१च. जानेवारी १९६४ला १२७५ बाजारात आलीच नव्हती. १९६५ आणि १९६७च्या विजेत्या गाड्या १२७५. १९६६ला पहिल्या तिन्ही मिनीच होत्या आणि दिव्यांच्या नियमावरून तिन्ही बाद केल्या.

दुरून_डोंगर

त्या दिव्यांवर वेगळा धागा काढा, इथे भांडणं नकोत.

बिनगिअरचा

मला यातलं काही कळत नाही. आमच्याकडे बीटल आहे. तिच्या इंजिनावर जनरेटरच्या स्टँडखाली नंबर आहे, सुरुवातीला एफ. ती दुर्मीळ आहे का?

मोजपट्टी

एफ म्हणजे १३००. डी असतं तर १२००, एच असतं तर १५००. दुर्मीळ नाही, पण इंजिन मूळचं असेल तर सांभाळा. बीटलची इंजिनं लोकांनी मोज्यांसारखी बदलली आहेत.

तेलकट_हात

उशिरा आलो. पूर्ण धागा वाचला. हेड काढण्याआधी करण्यासारख्या गोष्टी आहेत अजून, त्या कोणी बोललंच नाही.

खडखडाट, एक छोटा आरसा आणि बॅटरी घ्या. इंजिनाच्या मागे, म्हणजे केबिनच्या भिंतीकडे, एक्झॉस्टच्या पाइपांखाली बघा. ब्लॉकच्या कुशीत दोन चौकोनी झाकणं दिसतात का? टॅपेटची झाकणं ती. एसच्या ब्लॉकला असतात. एस नसलेल्या १३०० सलून किंवा १२७५ जीटीच्या ब्लॉकला नसतात, तिथे सपाट ओतीव भिंत असते. "एसचं इंजिन" म्हणून जे गळ्यात मारतात त्यात जीटीचे ब्लॉक बरेच असतात. मलाही एकाने मारलं होतं. त्याने जोडकार्ब्युरेटर लावले, अकरा स्टड (हेड आवळायचे आटेवाले दांडे) पाडले, वर सुंदर हिरवा रंग दिला. मी आरसा न लावता घेतलं. घरी आणून मागे हात घातला तर भिंत! रात्रभर तीच कुरवाळत बसलो.

पण झाकणं दिसली म्हणून लगेच पेढे वाटू नका. ८५० आणि ९९८ला सुद्धा झाकणं असतात. त्यांची हेडं मात्र नऊ स्टडची. झाकणं आणि अकरा, दोन्ही एकत्र असतील तर पुढे जायचं.

अकरा म्हणजे दहा स्टड आणि एक बोल्ट. बोल्ट थर्मोस्टॅटच्या टोकाला. तोही नीट बघा, कारण नऊच्या ब्लॉकला भोकं पाडून अकरा करणारे हुशार लोक आहेत.

मग रॉकर कव्हर काढा, चार बोटांचं काम आहे. हेडवर ओतीव अक्षरं वाचा. १२ए१८५ किंवा एईजी१६३ दिसलं तर एसचं हेड. १२जी९४० दिसलं तर काहीच ठरत नाही, ते नऊ आणि अकरा दोन्हींत, एसवर आणि इतरांवरही सापडतं.

खडखडाट

@तेलकट_हात, तुम्ही देवमाणूस आहात. आरसा लावला (बायकोचा, तिला अजून माहीत नाही). दोन झाकणं आहेत! एकावर हवेची नळी आहे. बोल्ट थर्मोस्टॅटच्या बाजूलाच आहे. रॉकर कव्हर काढलं, तेल पुसलं, नखाने खरवडलं: एईजी१६३.

निवांत

आता मलाही धडधडायला लागलंय.

तेलकट_हात

मग ती एस आहे. पण तिघींपैकी कोणती ते यातलं काहीच सांगत नाही. तिथे मोजपट्टीच बरोबर. आणि खालून तेलाचं खोकं काढून क्रँक बघू म्हणाल तर मिनीत ते शक्य नाही, गिअरबॉक्सच इंजिनाच्या पोटाखाली बसलेला आहे, दोघांचं तेल एकच. क्रँक बघायचा तर अख्खं धूड वर काढावं लागेल.

आजीची_गाडी

फियाट ५००चं खोकं दहा-बारा बोल्ट काढले की खाली येतं. सहज सांगितलं.

पानाबहाद्दर

जळवू नका.

खडखडाट

दोन आठवड्यांनी परत येतोय. योगायोग म्हणा, हेडच्या कोपऱ्यातून पाणी पाझरायला लागलं, बहुतेक मीच बोल्टशी खेळ केल्याचं फळ. म्हणजे हेड काढणं आलंच. काढलं.

मोजपट्टीकाकांच्या सांगण्यावरून सगळं नीट केलं. प्लग काढून ठेवले, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूहळू ढकलत पिस्टन वर आणला. अगदी वर आल्यावर तो थोडा वेळ हललाच नाही असं वाटतं, गाडी पुढे-मागे केली तरी. ब्लॉकच्या सपाटीवर पट्टी आडवी ठेवून व्हर्नियरची शेपटी खाली सोडली. पिस्टनचा माथा खोलगट आहे, म्हणून मार्करने एक ठिपका काढला आणि प्रत्येक वेळी त्याच ठिपक्यावर टेकवलं. वर ३.१. मग खाली नेला: ७१.४. वजाबाकी ६८.३.

परत केलं. ६८.२. परत. ६८.३.

आणि बोअर ७१.१.

मोजपट्टी

हजार एकाहत्तर!!! बोअर वीस थाउने वाढवलेला आहे, म्हणजे अर्ध्या मिलीमीटरने. कधीतरी रिबोअर झालं आहे.

दुरून_डोंगर

एक शंका. कॅलक्युलेटर घेऊन बसलो होतो. साध्या ८४८चा (म्हणजे ८५० मिनीचा) स्ट्रोकही ६८.३च आहे की! कोणी ८४८चा क्रँक एसच्या ब्लॉकमध्ये बसवला असेल तर?

मोजपट्टी

चांगला प्रश्न आहे, पण बसणार नाही. एसच्या मुख्य बेअरिंगचं माप दोन इंच, म्हणजे ५०.८ मिमी. ८४८चं पावणेदोन इंच, ४४.४५. सहा मिमीची पोकळी भरायला काय टाकणार, कागद?

दुरून_डोंगर

ठीक. शंका मागे घेतो. पण गणित असंही सांगतं की ७१.१ बोअरला आता ती १०८५ सीसी आहे.

पानाबहाद्दर

म्हणजे इतक्या उपद्व्यापानंतर ती हजार एकाहत्तर नाहीच! मी म्हणत होतो ना, चालवा.

चक्रधर

😄 @पानाबहाद्दर, हे मात्र मान्य.

खडखडाट, आता शेवटचा कागदी उपाय. इंग्लंडमध्ये गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, तिथे कारखान्याच्या नोंदी ठेवलेल्या आहेत. चेसी नंबर कळवला की गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा कोणता इंजिन नंबर होता त्याचा दाखला देतात. तुमच्या पट्टीशी जुळवून बघा. माझा त्या पॉप रिबिटावर अजून विश्वास बसलेला नाही.

तेलकट_हात

आणि हेड उघडंच आहे तर झडपांच्या मधला पूल भिंगातून बघा. एसच्या हेडला तिथे तडा जातो, इनलेटची झडप मोठी, ३५.७ मिमी, त्यामुळे मधे धातू थोडाच उरतो. नवीन गॅस्केट टाकून आवळलं आणि मग तडा दिसला तर रडू येतं.

खडखडाट

पूल पाहिले. तीन ठीक आहेत. चौथ्यावर केसाएवढी रेघ आहे, ती तडा आहे की काजळी ते अजून ठरत नाही. रॉकेलने धुतली, तरी आहे. खडू लावून बघणार, तडा असेल तर आतलं रॉकेल खडूवर उमटेल.

आणि दाखला आला. बातमी संमिश्र. गाडी मूळची १०७१च. पण दाखल्यावरचा इंजिन नंबर आणि माझ्या पट्टीवरचा नंबर वेगळा. शेवटचे तीन आकडे जुळत नाहीत.

चक्रधर

म्हणजे तीन शक्यता. इंजिन मूळचं आणि पट्टी दुसऱ्या इंजिनाची. किंवा पट्टी या इंजिनाची, पण इंजिन दुसऱ्या १०७१मधलं. किंवा मूळ पट्टी हरवली आणि कोणीतरी आठवणीतून नवी बनवताना आकडे चुकवले.

आजीची_गाडी

त्या स्नेह्यांनाच विचारा ना. त्यांनी कधी इंजिन बदललं होतं का?

खडखडाट

काल विचारलं. म्हणाले, "इंजिन कधीच बदललं नाही. ती पट्टी मात्र एकदा पुसताना निघाली होती, मीच लावली परत." मी म्हटलं, तीच लावली का? तर म्हणाले, "माझ्याकडे तेव्हा दोन मिनी होत्या."

तेलकट_हात

दुसरी कुठे गेली?

खडखडाट

विकली. कोणाला ते आठवत नाही. तीही एच होती म्हणतात.

निवांत

ज्याच्याकडे १०७१ आहे आणि पट्टीचे शेवटचे तीन आकडे जुळत नाहीत, त्याने कृपया इथे लिहावे.

मोजपट्टी

ते राहू दे. चौथ्या पुलावर खडू लावला का?